पहिला एमएमओ कोणता? माझं मत: गिल्ड वॉर्स २

डोंगरवाट

भाचा यंदा इंजिनीअरिंगला पुण्यात आला. परवा म्हणाला, "मामा, बीजीएमआय पुष्कळ झालं, आता एमएमओ खेळायचाय. कुठून सुरू करू?" (बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीचा गेम; एमएमओ म्हणजे हजारो लोक एकाच वेळी ऑनलाइन खेळतात तो गेम.) त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतो, कारण या प्रश्नाला नेहमी मिळणारी उत्तरं मला पटत नाहीत. कुणी ग्राफिक्स बघून सांगतं, कुणी "सगळ्यात जास्त लोक खेळतात तो घे" म्हणतं. नवख्या माणसाला दोन्हीचा उपयोग नाही.

हजारो माणसं एकाच जगात असणं, हेच एमएमओचं वेगळेपण. मग पहिली कसोटीही तीच लावावी. रानात समोरून अनोळखी खेळाडू येताना दिसला की मनात काय येतं? जुन्या वळणाच्या बऱ्याच गेम्समध्ये येतं ते असं: हा माझी शिकार पळवणार, मी पोचायच्या आत ते खनिज काढून नेणार. पहिल्याच आठवड्यात माणसांचा वैताग यायला लागला तर नवा खेळाडू एमएमओत टिकायचा कसा?

गिल्ड वॉर्स २ (२०१२) मध्ये हे मुळातूनच बदललंय. एका राक्षसाला दहा जणांनी मारलं तर दहाही जणांना आपापली लूट मिळते. खाणीतलं तांबं मी काढलं तरी तुमच्यासाठी ते तिथेच असतं. पडलेल्या खेळाडूला कुणीही उठवू शकतं आणि उठवणाऱ्याला त्याचे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात. त्यामुळे कुणी येताना दिसलं की बरंच वाटतं.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. हा गेम सोडून जाण्याची शिक्षा करत नाही. कमाल लेव्हल पहिल्या दिवसापासून ८०, आणि इतकी एक्स्पान्शन्स (मूळ गेमला जोडलेले नवे भाग) आली तरी ८०च. असेंडेड या वरच्या दर्जाचं सामान २०१२च्या अखेरीस यायला लागलं, त्याच्यापेक्षा ताकदवान आकडे आजही कशात नाहीत. दरमहा फी नाही, मूळ गेम २०१५ पासून फुकट. सेमिस्टरची परीक्षा आली, दोन महिने बंद ठेवला, परत आलात तर जिथे होतात तिथेच आहात. इतर अनेक गेम्समध्ये एवढ्या काळात तुमचं सामान भंगारात जमा होतं.

तिसरं, आपली घड्याळं. टेक्वाटल नावाचा ड्रॅगन रोज ठरलेल्या वेळांना येतो, त्यातली एक वेळ आपल्याकडे रात्री साडेनऊची आहे. जेवून बसलं की थेट पन्नासेक माणसांच्या लढाईत. त्यासाठी गिल्ड (खेळाडूंचा कायमचा गट) लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही.

असहमत असाल तर कारणांसकट लिहा. भाचा हा धागा वाचणार आहे.

खडीसाखर

असहमत, आणि मुळापासून असहमत.

तुमच्या गेममध्ये अनोळखी माणूस अडचण वाटत नाही, कारण तो जाणवतच नाही. टेक्वाटलला पन्नास जण जमतात, ड्रॅगन पडतो, पेट्या उघडतात, पाच मिनिटांत किनारा रिकामा. विरार लोकलमध्ये रोज खांद्याला खांदा लागतो म्हणून शेजारच्याचं नाव कळतं का? ज्या जगात कुणालाच कुणाची गरज नाही, तिथे नवा खेळाडू माणसांशी वागायला शिकणार तरी कसा?

माझं उत्तर ओल्ड स्कूल रुनस्केप. मूळ रुनस्केप केंब्रिजच्या जॅगेक्सचं, २००१ सालचं. पुढे ते इतकं बदललं की जुने खेळाडू नाराज झाले. मग कंपनीने मतदान घेतलं आणि ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून २०१३ मध्ये जुना गेम परत उभा केला. तेव्हापासून गेममध्ये मोठं काही नवं आणायचं तर आधी खेळाडूंचं मतदान होतं. खेळाडू नको म्हणाले म्हणून किती तरी गोष्टी बारगळल्यात.

आणि पहिली क्वेस्ट (गेमने दिलेली कामगिरी) बघा. लम्ब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवंय. पिठासाठी शेतातून गहू तोडायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर नेऊन टाकायचा, कळ फिरवायची, खाली येऊन भांड्यात पीठ भरायचं. नकाशावर बाण नाही, चमकणारी रेघ नाही. दहा लांडगे मारून या असं सांगणाऱ्या गेम्सपेक्षा या अर्ध्या तासात माणूस त्या जगात जास्त रुजतो.

आता भाच्याच्या कामाचा मुद्दा, ज्याला तुम्ही हातच लावला नाहीत: पिंग, म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. गिल्ड वॉर्स २ चे सर्व्हर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात. तिथे वार चुकवायला नेमक्या क्षणी उडी मारावी लागते, आणि पुण्याहून निघालेला सिग्नल युरोपात जाऊन यायला वेळ घेतोच. रुनस्केपचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा हिशोब करतो. सगळ्या जगाची कृती त्याच ठोक्यावर मोजली जाते, त्यामुळे हॉस्टेलच्या वायफायवरचा मुलगा आणि लंडनचा मुलगा यांच्यात फारसं अंतर उरत नाही. २०१८ पासून तोच गेम, तेच खातं फोनवर चालतं. रोजच्या दीड-दोन जीबी डेटात भागतं. तुमच्या गेमचं डाउनलोड तेवढ्या डेटावर कधी संपायचं?

सांजवेळ

डोंगरवाट यांचा प्रश्न योग्य, उत्तर अर्धं. खडीसाखर यांचं उत्तर मात्र नवख्यासाठी मला कठोर वाटतं. रुनस्केपमध्ये कोणतंही कौशल्य ९९ ला न्यायचं तर १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि त्याचा मध्यबिंदू ९२ व्या लेव्हलला येतो. म्हणजे ९२ ला पोचलात तरी निम्मा रस्ता बाकी. ज्याला अजून ही आवड आहे की नाही हेच ठाऊक नाही त्याला हे सुचवायचं?

मी फायनल फँटसी १४ सुचवेन. मला अनोळखी लोकांशी बोलायला संकोच वाटतो. असे खूप जण आहेत आणि या चर्चेत त्यांचा विचार कुणी करत नाही. या गेममध्ये नवीन खेळाडूच्या नावाशेजारी हिरव्या रोपट्याची खूण असते. ती दिसली की जुने लोक थांबतात, सांगतात, चूक झाली तरी सांभाळून घेतात. जुन्या खेळाडूंना जुनी डन्जन्स (गटाने लढत पार करायच्या जागा) पुन्हा खेळण्यासाठी रोज बक्षीस मिळतं, खेळताना त्यांची लेव्हलही खाली आणली जाते. म्हणून आज सुरुवात करणाऱ्यालाही चार जणांचा गट मिळतो. कथेतली बरीचशी डन्जन्स संगणकी सोबत्यांबरोबरही करता येतात, तेव्हा आधी तिथे हीलरचं, म्हणजे साथीदारांना बरं करायचं काम शिकावं आणि मग माणसांत जावं. खडीसाखर म्हणतात ती माणसाची गरज इथे खरी आहे: टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा) उभा राहिला नाही, हीलरचं लक्ष उडालं, तर सगळे मरतात. पण त्या गरजेत धाक नाही.

खर्चाचंही सांगते. फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत, मूळ गेम आणि दोन एक्स्पान्शन्स धरून, वेळेची मर्यादा नाही. बंधनं आहेत: बाजारपेठ वापरता येत नाही, तीन लाखांपेक्षा जास्त गिल (गेममधलं चलन) साठत नाही, स्वतःहून कुणाला खाजगी निरोप पाठवता येत नाही. भाच्याला एक गोष्ट आधीच बजावून ठेवा. त्या खात्यावर एकदा पूर्ण गेम विकत घेतला की ट्रायलकडे परतता येत नाही, मग दरमहा फी चालू. ट्रायलमधलं सगळं संपेपर्यंत खरेदीचं बटण दाबू नये.

आणि या गेमचा स्वतःचा इतिहास मला फार आवडतो. २०१० ची पहिली आवृत्ती पार फसली. नाओकी योशिदांकडे सूत्रं आली, त्यांनी २०१२ मध्ये जुना गेम बंद केला, तोही असा की कथेतच आकाशातून दालामुद नावाचा चंद्र कोसळला आणि ते जग संपलं. २०१३ मध्ये नवा गेम आला तो त्या प्रलयानंतर पाच वर्षांनी सुरू होतो. आपला फसलेला काळ पुसून न टाकता त्यांनी तो कथेत घेतला.

डोंगरवाट

सांजवेळ, संकोची माणसाचा मुद्दा मनापासून मान्य. पण पहिल्या ५० लेव्हलची कथा फार संथ आहे. भाच्याच्या वयाची मुलं "पुढे छान होतं" या भरवशावर किती थांबतील, याची मला शंका आहे. शिवाय जिथे पुढे जायचं तर कथा पूर्ण करावीच लागते, तिथे दोन मित्र बरोबर सुरू करूनही मागे-पुढे पडतात. एकत्र हिंडणं तिथेच तुटतं.

खडीसाखर, गरजेबद्दल बोलता, पण रुनस्केपची बहुतेक खरेदी-विक्री आज ग्रँड एक्स्चेंज या सामायिक बाजारावर होते. माझे मासे कुणी घेतले त्याचं नावही मला दिसत नाही. मग तिथे तरी कुणाला कुणाची गरज उरली?

म्युनिककर

तिघेही नवख्याला जपायला निघालात. मला हे पटत नाही. पहिला गेम असा असावा की एमएमओ म्हणजे काय ते एकदाच, पूर्ण कळावं: ईव्ह ऑनलाइन. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम, २००३ पासून चालू. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे सगळे खेळाडू एकाच विश्वात. डोंगरवाट यांच्या जगाच्या अनेक प्रती असतात, इथे एकच आकाश. २०१६ पासून फुकट सुरू करता येतं.

जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी नावाच्या सूर्यमालेच्या ताब्याचं हप्त्याचं बिल एका युतीकडून भरायचं राहिलं. ताबा गेला, शत्रू धावून आला आणि सुमारे २१ तास लढाई चालली. सात हजारांहून जास्त खेळाडू, ७५ टायटन (तिथली सर्वांत मोठी) जहाजं नष्ट, नुकसानीची किंमत तेव्हा तीन लाख डॉलरच्या आसपास सांगितली गेली. ही कथा कुठल्या लेखकाने लिहिलेली नव्हती. एक बिल राहिलं आणि इतिहास घडला. हे दुसऱ्या कोणत्या प्रकारच्या गेममध्ये होऊ शकतं?

जहाज फुटलं की कायमचं गेलं. म्हणूनच तुमच्यासोबत उड्डाण करणारा माणूस तुम्हाला मोलाचा वाटतो. वर ज्या "गरजेची" चर्चा चाललीय ती इथे रोज दिसते.

खडीसाखर

म्युनिककर, ईव्हबद्दल मला आदर आहे, पण पहिला गेम म्हणून ठाम विरोध. तिथे फसवणूक नियमांत बसते. जिटा या तिथल्या मुख्य बाजारपेठेत दुप्पट पैसे परत देतो म्हणणारे दिवसभर ओरडत असतात. अनुभवी माणूस हसून पुढे जातो, एकोणीस वर्षांचा नवखा महिन्याची कमाई देऊन बसतो. नुकसानातून शहाणपण येतं हे खरं, पण ते सोसायला आधी त्या जगावर प्रेम बसावं लागतं.

डोंगरवाट, ग्रँड एक्स्चेंजबद्दल: नाव दिसत नाही, पण माशाचा भाव मासे पकडणाऱ्या माणसांनीच ठरतो. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं पोटासाठी याच गेममध्ये हिरवे ड्रॅगन मारून सोनं विकत होती. ते नियमात बसत नाही आणि मी त्याचं समर्थनही करत नाही. पण ज्या गेममधल्या श्रमाला एवढं मोल येतं, तिथे लोकांना एकमेकांची गरज नाही असं मला म्हणवत नाही.

दुपारचा_चहा

मी खेळत नाही, पण माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला असाच काहीसा गेम हवाय. तुम्ही सगळे जगाबद्दल बोलताय. मला तीन गोष्टी कळायला हव्यात: पैसे कुठे जातात, अनोळखी लोक तिच्याशी काय बोलू शकतात, आणि जेवायला हाक मारली तर ती उठू शकेल का?

सांजवेळ

ताई, तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. मी सुचवलेल्या गेमच्या ट्रायलमध्ये दुकानातून वस्तू विकत घेण्याची सोयच नाही, कार्ड जोडावं लागत नाही. गटात आणि आसपास बोलता येतं, त्यामुळे चॅट बंद कसं करायचं आणि एखाद्याला ब्लॉक कसं करायचं हे पहिल्या दिवशी तिच्याशेजारी बसून बघा. उठण्याचं म्हणाल तर डन्जनला साधारण अर्धा तास लागतो. मध्येच उठलं तर बाकी तिघांचा खोळंबा होतो. म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी नवीन डन्जन सुरू करायचं नाही, एवढा नियम पुरतो.

डोंगरवाट

ताई, उठण्याच्या बाबतीत माझा गेम सरस आहे. उघड्या रानात लढाई चालू असताना निघून गेलात तरी कुणाचं अडत नाही. पण जेम स्टोअर (खऱ्या पैशांनी खरेदीचं दुकान) आहे आणि पोशाख मोहात पाडतात. कार्ड साठवून ठेवू देऊ नका.

भाच्याकडे लॅपटॉप आहे, हॉस्टेलचं वायफाय रात्री दहानंतर बरं असतं आणि त्याचा रूममेटही सुरू करणार आहे. दोघं मिळून हिंडणार असतील तर मी अजून गिल्ड वॉर्स २ वरच ठाम आहे. लेव्हलमध्ये कितीही फरक असला तरी पुढचा खेळाडू खालच्या भागात आपोआप त्या पातळीला येतो, म्हणून एक जण दिवाळीच्या सुट्टीत पुढे गेला तरी जोडी तुटत नाही. फक्त फोन असता तर मीही रुनस्केपच म्हणालो असतो.

खडीसाखर

रूममेट आहे हे आधी सांगायला हवं होतंत. मग तर माझा आग्रह दुप्पट. दोघांनी दोन वेगळी कौशल्यं धरावीत, एकाने मासेमारी आणि स्वयंपाक, दुसऱ्याने खाण आणि लोहारकाम. याने त्याला चिलखत द्यावं, त्याने याला लढाईचं जेवण. पहिले काही दिवस ग्रँड एक्स्चेंजकडे फिरकूच नका म्हणावं. आठवड्याने दोघांनाही इथे लिहायला सांगा, तुमचं म्हणणं पटलं की माझं.