सोसायटीच्या गेटजवळचा किल्ला: यंदा कुठला आणि कसा

सी-२०१: दिवाळीच्या किल्ल्याचं ठरवूया. सिंधुदुर्ग कसा वाटतो? २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय, आणि पाण्यातला किल्ला पोरांना आवडतो.

ए-१०४: यादीत १२ किल्ले आहेत ताई, राजगडही आहेच त्यात. पाणी नको. समुद्रासाठी खाली अंथरलेल्या ताडपत्रीला विटेच्या कोपऱ्याने हमखास भोक पडतं, समुद्राचा चिखल होतो, वर डास. राजगड करा, लांबूनही ओळखू येतो. मधे उंच बालेकिल्ला, म्हणजे सगळ्यात वरचा भाग, उत्तरेला रुंद पद्मावती माची (माची म्हणजे त्याखालची तटबंदीची सपाटी), पूर्वेला सुवेळा, पश्चिमेला संजीवनी. या दोन्ही लांब नि अरुंद.

सचिव: जागा वॉचमन केबिनशेजारची, ६ बाय ५ फूट. भिंतीपासून १ फूट सोडायचंच, मागून हात पोचला पाहिजे आणि भिंतीला ओल लागता कामा नये. गाडी वळते तो भाग मोकळा. गटाराच्या जाळीकडे माती वाहिली तर तक्रार माझ्याकडे येते.

बी-३०३: जाळीच्या बाजूला विटांची एक रांग आडवी लावा, माती तिथेच अडते.

सी-२०१: माती किती मागवू?

ए-१०४: आत माती भरायची नाही, हे आधी ठरवा. नुसत्या मातीचा ढीग आतून ओला राहतो आणि चार दिवसांनी बसतो. आत विटा, साधारण ६०-७०. बालेकिल्ला अडीच फूट, माच्या दीड फूट. वरून तागाची ६-७ पोती मातीच्या पातळ काल्यात बुडवून पांघरायची. प्लॅस्टिकची पोती आणू नका, माती घसरते. पोत्यांवर दोन-अडीच सेंटिमीटरचा थर, त्याला ८-१० घमेली पुरतात.

बी-३०३: नुसती काळी माती घेऊ नका, वाळली की तडकते. तीन भाग लाल, एक भाग काळी, घमेल्यामागे दोन मुठी भाताचं तूस. थर दोनदा द्यायचा: पहिला पातळ, एक दिवस वाळू द्या, मग दुसरा. घाईत एकदम जाड लिंपला की वरून सुकतो, आतून ओला राहतो, तिथेच भेग पडते. भेगा ओल्या असतानाच काला ब्रशने भरा.

डी-४०२: आणि तटबंदी? दरवर्षी भजी लावल्यासारखी दिसते 😄

बी-३०३: लाटण्याने मातीची पट्टी लाटा, १ इंच उंच, अर्धा इंच जाड. थोडी आवळली की स्टीलच्या पट्टीने चर्या, म्हणजे तटावरचे दाते, कापा. ओली असताना कापली तर कोपरे ढासळतात. जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, उदबत्तीच्या काडीने, आणि तिरक्या खाली रोखलेल्या, कारण मारा खालच्या शत्रूवर करायचा असतो. संजीवनीवर चिलखती बुरूज दाखवाच: आत एक बुरूज, बाहेरून दुसरी भिंत, मधे बोटभर फट. राजगडाची खरी ओळख ती. रंग लावायचा तर गेरू पातळ करून, ऑइल पेंट नको.

ए-१०४: पद्मावतीवर देऊळ, तळं आणि सईबाईंची समाधी. तळ्यासाठी आरशाचा तुकडा, कडा मातीत दाबून टाका.

सी-२०१: हळीव केव्हा पेरायचा? मागच्या खेपेला इतका वाढला की मावळे दिसेनात.

ई-१०१: वसुबारसेच्या ५-६ दिवस आधी, त्याआधी नको. १०० ग्रॅम भरपूर होतो. भिजवू नका, बुळबुळीत गोळा होतो आणि पसरत नाही. माती ओली करून कोरडाच भुरभुरा. त्याच चिकटपणामुळे तो उतारावर धरून राहतो. मोहरी घरंगळते, म्हणून मोहरी सपाटीवर. वर दोन दिवस ओलं वर्तमानपत्र. पाणी फवाऱ्यानेच, तांब्याने ओतलं की उतारावर ओघळ पडतात आणि बी पायथ्याशी जमा होतं. वाटा, बुरूज, तट सोडून पेरा. जास्त वाढला तर कात्री.

सचिव: परतीच्या पावसाचं काय?

ए-१०४: चार बांबू, वर ताडपत्री, उतार मागे. मातीला टेकू देऊ नका. दिवसा गुंडाळून ठेवा, नाहीतर हळीव सावलीत पिवळा आणि लांबुडका होतो.

डी-४०२: आमच्याकडे आजोबांच्या वेळचे शाडूचे मावळे आहेत, १०-१२. तेही मांडू का?

ई-१०१: किल्ल्यावर नको वहिनी. कच्ची शाडू ओल ओढते, पायापासून भुगा होतो. प्लास्टरच्या चित्रांचाही, म्हणजे मावळ्या-प्राण्यांच्या छोट्या मूर्तींचा, रंग बुडापासून सुटतो, त्यांच्याखाली बाटलीचं झाकण ठेवायचं. तुमचे बाजूला, वेगळ्या विटांवर प्लाय टाकून, त्यावर जुनं फिशटँक उलटं. एका बाजूला काडेपेटीएवढी फट ठेवा, नाहीतर काच आतून धुरकटते. दुपारचं ऊन येणार नाही अशी बाजू बघा. पुसताना कोरडा मऊ ब्रश. ओल्या फडक्याने जुना रंग फडक्यावरच येतो. वॉर्निशही लावू नका, पिवळं पडतं.

बी-३०३: मांडणीचं एक: मोठी चित्रं पायथ्याशी, लहान वर. ३ इंचाचा मावळा बालेकिल्ल्यावर ठेवला की किल्ला ठेंगणा दिसतो. महाराजांची मूर्ती तेवढी अपवाद.

सी-२०१: पणत्या?

सचिव: किल्ल्यावर पणती नाही. पोती आणि तूस वाळलेलं असतं. १२ व्होल्टची एलईडी माळ, अडॅप्टर केबिनच्या आत.

डी-४०२: मांजरं?

ए-१०४: मोकळी माती दिसली की उकरणारच. थर वाळेपर्यंत रात्री जुनी मच्छरदाणी टाका, कडांना विटा.

सचिव: कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी विटा रचायच्या, म्हणजे वसुबारसेपर्यंत सुकायला वेळ मिळतो. उतरवायचं तुळशीच्या लग्नानंतर: चित्रं मोजून डब्यात, माती बागेत, विटा परत. लाल माती कोण आणतंय?

बी-३०३: मी सांगतो नर्सरीवाल्याला. तूस मात्र भाताच्या गिरणीतूनच आणा, नर्सरीत मिळतो तो नारळाचा भुसा. तो पाणी धरून ठेवतो, थर वाळतच नाही.