‘मापदंड धुऊन ठेवावा’ : ग्रूव्ह्ड मीटरिंग रॉडला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

डिंकाचा लेप देणाऱ्या यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. कागदावर किंवा फिल्मवर आधी भरपूर डिंक चढवला जातो आणि मग अंगावर बारीक खाचा असलेला एक पोलादी रॉड त्यातला जास्तीचा डिंक काढून ठरलेला तेवढाच मागे ठेवतो. या ‘ग्रूव्ह्ड मीटरिंग रॉड’ला मी शब्दशः ‘खाचदार मापदंड’ म्हटले होते. मसुदा तपासणाऱ्यांनी ‘काम संपल्यावर मापदंड लगेच धुऊन ठेवावा’ या वाक्यापुढे नुसते उद्गारचिन्ह काढून तो परत पाठवला. मापदंड म्हटले की निकष हाच अर्थ मनात येतो, हे मला मान्य आहे. पण मग कोणता शब्द घ्यावा? रॉडची निवड कशी करावी यावर पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे येथे शब्द डळमळीत राहिला तर ते सगळे प्रकरणच डळमळीत होईल.

प्रतिसाद १

‘मापदंड’ गेला ते बरेच झाले, पण माझा आक्षेप ‘खाचदार’ या शब्दालाही आहे. खाच ही एखाद्या ठिकाणी कापून पाडलेली असते. खोबणीत दुसरी वस्तू बसवायची असते, चर खणायचा असतो, आणि आटा म्हटले की त्यावर नट चढणार असे वाटते. यांपैकी एकाही शब्दात द्रव वाहून नेण्याची कल्पना नाही. ती आहे ‘पन्हळ’ या शब्दात, आणि पन्हळी पत्र्यामुळे लाटेसारखा चढउतार हा अर्थही त्याला आपोआप चिकटलेला आहे. म्हणून ‘पन्हळी दांडा’ असे सुचवतो. ‘मीटरिंग’साठी ‘मापक’ घ्यावा.

प्रतिसाद २

मी लेपनाच्या यंत्रावर काम करतो. आम्ही सगळे ‘रॉड’च म्हणतो, आणि तो शब्द पुस्तिकेत ठेवला तरी वाचणाऱ्याचे काही अडणार नाही. ‘पन्हळी’ मात्र मला मनापासून पटला, कारण तो वस्तुस्थितीला धरून आहे.

जुना प्रकार तार गुंडाळलेल्या रॉडचा. कार्बन पेपरच्या यंत्रांमुळे ओळखले जाणारे चार्ल्स मेयर यांच्या नावावरून त्याला मेयर रॉड म्हणतात. त्यात शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधली फट डिंकाचे प्रमाण ठरवते, आणि ती फट तारेच्या जाडीला जखडलेली असते. ओला थर तारेच्या जाडीच्या साधारण एक दशांश येतो. १० नंबरचा रॉड म्हणजे ०.०१० इंच जाडीची तार, आणि तिच्यामागे राहणारा ओला थर सुमारे २५ मायक्रॉन. डिंकात घनांश ५० टक्के असेल आणि त्याची घनता पाण्याइतकी धरली, तर वाळल्यावर एका चौरस मीटरवर साडेबारा ग्रॅमच्या आसपास डिंक उरतो. ओला थर आणि सुका थर यांची गल्लत हीच रॉड निवडतानाची सर्वांत मोठी चूक असल्याने, नुसता ‘थर’ हा शब्द त्या प्रकरणात एकदाही सुटा येऊ देऊ नका.

पन्हळी रॉडवर तार नसतेच. भरीव रॉडच्या पृष्ठभागावरच दाबून पन्हळी उमटवलेल्या असतात आणि झीज कमी व्हावी म्हणून बहुधा वर क्रोमचा मुलामा असतो. त्यामुळे तार तुटणे नाही, आणि वेढ्यांच्या खाली डिंक शिरून सुकणेही नाही. ज्याने असा सुकलेला डिंक कधी काढला आहे त्याला याचे मोल सांगावे लागत नाही. शिवाय येथे पन्हळीची खोली आणि दोन पन्हळींमधले अंतर वेगवेगळे ठरवता येते. तेवढाच डिंक सोडणारा, पण अधिक बारीक पन्हळींचा रॉड मागता येतो.

‘मापक’ला मात्र माझा विरोध आहे. तापमापक ताप किती आहे ते सांगतो, तो कमीजास्त करत नाही. रॉड काहीच सांगत नाही, पन्हळीत मावेल तेवढा डिंक जाऊ देतो आणि बाकीचा निपटून काढतो.

प्रतिसाद ३

मूळ मजकुरात ‘लेप समान बसावा’ या अर्थाचे वाक्य असणारच, आणि मराठीत ते दोन शब्दांत फोडणे चांगले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत डिंक तेवढाच असला तर लेप ‘एकसारखा’. पन्हळींच्या रेघा मिटल्या तर तो ‘सपाट’. एकसारखा असूनही सपाट नसलेला लेप असू शकतो.

प्रतिसाद २ चे लेखक पुन्हा

हा फरक अगदी योग्य आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. लेप एकसारखा नसेल तर रॉडचा सरळपणा, त्याची झीज, त्याखालचा आधार आणि कागदावरचा ताण तपासावा लागतो. रॉड सावकाश फिरता ठेवतात तोही बहुतेक याचसाठी, म्हणजे झीज एका बाजूला होत नाही आणि अडकलेला कण लांबच लांब रेघ ओढत नाही. सपाटपणाचा प्रश्न पन्हळींमधल्या अंतराचा आणि डिंकाच्या दाटपणाचा असतो. पृष्ठताण रेघा मिटवतो. दाटपणा दुप्पट झाला तर त्याला दुप्पट वेळ लागतो, पण बाकी सर्व तेच ठेवून अंतर निम्मे केले तर सोळाव्या हिश्श्याइतकाच वेळ पुरतो. थर निम्मा झाला तर उलट आठपट वेळ लागतो. रेघा मिटण्याआधी डिंक सुकला तर त्या कायमच्या राहतात. आणि कृपया ‘दाट’च्या जागी ‘जाड डिंक’ लिहू नका. जाड थर असतो, डिंक दाट असतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पहिल्या उल्लेखात ‘लेपाचे प्रमाण ठरवणारा पन्हळी रॉड’ आणि त्यानंतर सर्वत्र ‘पन्हळी रॉड’ असे मी नक्की केले आहे. निवडीच्या प्रकरणातले पहिले वाक्य आता असे आहे : ‘सुक्या थराचे वजन आणि डिंकातील घनांश यांवरून आधी ओल्या थराची जाडी काढावी, त्या जाडीला पुरेल एवढा डिंक सोडणारे पन्हळी रॉड बाजूला काढावेत, आणि त्यांतून, डिंक सुकण्यापूर्वी रेघा मिटतील इतक्या जवळजवळ पन्हळी असलेला रॉड घ्यावा.’ धुण्याच्या वाक्यात फक्त एक शब्द बदलला.