'बॅक टू द फ्युचर'ने खरी डेलोरियन झाकोळून टाकली आहे का?

स्टेपनी
डेलोरियन म्हटलं की लोकांना १९८५ चा तो सिनेमा आठवतो. मागे नळ्या-वायरी लावलेली चंदेरी गाडी, ताशी ८८ मैल वेग आणि थेट भूतकाळात. माझं ठाम मत आहे की या सिनेमाने मूळ गाडीवर अन्याय केला.

मूळ गाडी म्हणजे डीएमसी-१२. उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला लागून असलेल्या डनमरीत १९८१-८२ मध्ये अशा सुमारे ९,००० गाड्या बनल्या. डिझाइन जॉर्जेतो जुजारोचं, चासीचं (खालच्या सांगाड्याचं) काम लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचं. अंगावर रंग नाहीच, नुसतं घासलेलं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, आपल्याकडे चांगल्या भांड्यांना वापरतात ते. आणि दारं! ती वर उचलली जावीत म्हणून ग्रमन या विमान कंपनीने टॉर्शन बार (पिळाच्या ताकदीवर चालणारे स्प्रिंगसारखे दांडे) द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, त्यांना पीळ देऊन तयार केले. एवढं जड दार त्या पिळाच्या जोरावर वर जातं. या कामाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

पडद्यावर तर गाडीला तिचा स्वतःचा आवाजही दिलेला नाही, तो पोर्शे ९२८ चा आहे. खऱ्या गाडीत २.८५ लिटरचं, १३० अश्वशक्तीचं व्ही-६ इंजिन होतं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमामुळे स्पीडोमीटरवरचे आकडे ताशी ८५ मैलांलाच संपायचे. लोक जिच्यावर जीव टाकतात, ती गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडलीच नव्हती.

मनमाडकर
पूर्ण असहमत. सिनेमा नसता तर आज हा धागाच निघाला नसता.

ब्रिकलिन एसव्ही-१ हे नाव किती जणांनी ऐकलंय? १९७४-७५, कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत, वर उघडणारी दारं, सरकारी पैसा, दोनेक वर्षांत कारखान्याला टाळं. तीन हजार गाड्यासुद्धा झाल्या नाहीत. गोष्ट जवळपास तीच, फक्त सिनेमा मिळाला नाही. परिणाम समोर आहे.

आणि झाकोळलं म्हणजे नेमकं काय झाकलं? बारा हजार डॉलरला मिळेल म्हणून नावात '१२', प्रत्यक्षात किंमत २५,००० डॉलर, कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारपेक्षाही महाग आणि पळायला तिच्यापेक्षा मंद. कंपनी १९८२ मध्येच बुडाली होती. कंपनीचा संस्थापक जॉन डेलोरियन कोकेनच्या प्रकरणात पकडला गेला आणि १९८४ मध्ये निर्दोष सुटला. सिनेमा आला तेव्हा या गाडीची ओळख एवढीच उरली होती.

केतकी_प
मनमाडकर, तुम्ही मालकाचा हिशेब मांडलात. कामगारांचं काय?

डनमरीचा कारखाना ट्विनब्रुक या कॅथलिक वस्तीच्या आणि सीमोर हिल या प्रॉटेस्टंट वस्तीच्या मध्ये उभा होता. बेकारी भयंकर होती आणि बाहेर या दोन गटांमधल्या संघर्षात रक्तपात चालू होता. आयआरए या सशस्त्र संघटनेच्या बॉबी सँड्सचं घर ट्विनब्रुकमध्येच. मे १९८१ मध्ये तुरुंगातल्या उपोषणात तो गेला, तेव्हा उसळलेल्या दंगलीत कारखान्याच्या आवारातही पेट्रोल बॉम्ब पडले. तरीही दोन्हीकडची माणसं रोज एकाच लाइनवर उभी राहून गाड्या जोडत होती. शिखरावर असताना अडीच हजारांच्या आसपास लोक होते, त्यात आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागलेली पोरं कितीतरी. सुरुवातीच्या गाड्यांत दोष होते, अमेरिकेत उतरवल्यावर त्या पुन्हा नीट कराव्या लागत, हे मान्य. पण ती माणसं काम शिकत होती आणि पुढच्या गाड्या सुधारत गेल्या. मग वर्षभरात सगळं संपलं. बॉडीचे काही साचे तर गॉलवेच्या समुद्रात मत्स्यशेतीच्या जाळ्यांना वजन म्हणून बुडवले गेले.

हा इतिहास सिनेमाच्या चाहत्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? मला याचा खरंच राग येतो.

मनमाडकर
केतकीताई, राग समजतो, पण तो सिनेमावर का? सुरुवातीच्या पटकथेत टाइम मशीन हे एक फ्रिज होतं. मग ही गाडी निवडली कारण १९५५ मधल्या शेतकरी कुटुंबाला ती उडती तबकडी वाटेल. म्हणजे तिची दारं आणि तिचं अंग पाहूनच निवडली. स्वतः जॉन डेलोरियनने सिनेमावाल्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं. ज्याची गाडी, त्याची तक्रार नव्हती.

ओहायोकर
इथे एका मित्राकडे १९८१ ची डीएमसी आहे, मी तिच्यावर हात चालवतो म्हणून लिहितो. ओरखडा आला तर स्कॉचब्राइट घेऊन स्टीलच्या रेघेच्या दिशेने घासायचं. आडवा हात फिरला की डाग कायमचा दिसतो. पोचा आला तर संपलंच, कारण पुटी भरून रंग मारायची सोय नाही. प्रदर्शनात त्याला हे कुणीच विचारत नाही. विचारतात 'फ्लक्स कपॅसिटर (सिनेमातलं कालप्रवासाचं काल्पनिक यंत्र) कुठाय?' तो बिचारा हसून उत्तर देतो.

पण मनमाडकरांच्या बाजूनेही सांगतो. टेक्सासमध्ये सुटे भाग मिळतात, आजही. ४० वर्षांपूर्वी बुडालेल्या कंपनीच्या गाडीला ही सोय सिनेमाच्या चाहत्यांमुळे टिकली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खटकतं ते एवढंच की काही जण चांगल्या चालत्या गाडीचं मागचं झाकण कापून त्यावर नळ्या बसवतात. तो पत्रा पुन्हा बनणार नाही.

राजा_गोसावी_नाही
ॲस्टन मार्टिन डीबी५ बघा. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' या बॉन्डपटाने तिला अमर केलं, पण मार खाल्ला तो डीबी४ ने. १९५८ ची ती गाडी, ठेवण जवळपास तीच, अभियंता तादेक मारेकचं सहा सिलिंडरचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत पहिल्यांदा तिच्यातच आलं. सामान्य माणसाला ती दाखवली तर 'बॉन्डची गाडी' म्हणून मोकळा होतो.

स्टेपनी
ओहायोकर, कापाकापीचा मुद्दा माझ्या मनातला आहे. मनमाडकर, सिनेमाने गाडी जिवंत ठेवली हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप असा की जिवंत राहिली ती प्रॉप (सिनेमातली वस्तू) म्हणून. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत सिनेमातली गाडी गेली. डनमरीच्या लाइनवरून उतरलेली साधी डीएमसी तिथे का नाही?

मनमाडकर
साधी डीएमसी अमेरिकेत बनलीच नव्हती, ती त्यांच्या नोंदवहीत का जाईल? ती बेलफास्टजवळ कल्ट्राच्या वाहतूक संग्रहालयात आहे. तिचं घर तेच.

केतकी_प
मग तिथे जाणाऱ्यांनी गाडीबरोबर फोटो काढण्याआधी ती कुणी जोडली ते वाचावं, एवढीच माझी मागणी आहे.