जुन्या प्रेमाच्या हातची कुकी: कुणाला चव जुळली?

काठपदर: जुन्या वहीत त्या माणसाच्या अक्षरातली कृती दिसली की पुढचं वाचवत नाही, पण कुकी मात्र तश्शीच हवी असते. आणि ती तशी कशी जमते, नेमकं तेवढंच अशा कृतीत लिहिलेलं नसतं! ज्यांनी जुळवलीय त्यांनी वजनासकट लिहा. चॉकलेट चिपचं माझं प्रमाण: लोणी ११५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १००, पांढरी साखर ५०, १ अंडं, मैदा १५०, खायचा सोडा आणि मीठ अर्धा-अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला १ छोटा चमचा, डार्क चॉकलेटचे तुकडे १५०. १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. लोणी खारं असेल तर मीठ घालू नका.

रानजाई: वाटीने मोजणं आधी बंद करा. एकच कप मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. कुकी फुगीर आणि कोरडी होते ती इथेच.

टिपूर: आठवणीतली कुकी कशी होती ते आधी सांगा ना. काठ कुरकुरीत, मध्ये मऊ? मग ब्राऊन शुगर जास्त, आणि मधला भाग अजून ओलसर दिसतोय तेव्हाच ट्रे बाहेर. गरम ट्रेवर ५ मिनिटं राहू द्यायची, तिथेच ती सेट होते. पूर्ण शिजलेली दिसेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर कडक होणार. सगळीच कुरकुरीत हवी असेल तर पांढरी साखर वाढवा, २-३ मिनिटं जास्त भाजा.

मेघुटं: वाचताना गलबलून आलं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावायचाय.

अबोली: ब्राऊन शुगर नसेल तर काय?

रानजाई: @अबोली १०० ग्रॅम पांढऱ्या साखरेला दीड छोटा चमचा मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा, घट्ट पाक), बोटांनी चोळून.

दवबिंदू: वहीत "लोणी वितळवून" असेल तर बहुतेक ते लालसर होईपर्यंत कढवलेलं असतं, लिहिणाऱ्याला त्यात वेगळं काही वाटतच नाही. मंद आचेवर आधी फेस येतो, तडतड थांबते, मग तळाला तपकिरी कण दिसतात आणि भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा वास सुटतो. त्या क्षणी भांडं बदला, तापलेल्या भांड्यात अर्ध्या मिनिटात करपतं. कण गाळू नका, चव त्यांच्यातच आहे. कढवताना पाणी उडून जातं, म्हणून ११५ चं साधारण ९५-१०० ग्रॅम उरतं. १ मोठा चमचा पाणी परत घाला, नाहीतर पीठ भुरभुरीत होतं.
आणि वासाने एवढं का हलायला होतं? इतर संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जातात, वास मात्र भावनांच्या केंद्रापर्यंत जवळजवळ थेट पोचतो. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या.

अबोली: 🫂

टिपूर: पीठ फ्रिजमध्ये २४ तास. मैदा ओल नीट शोषतो, लोणी घट्ट होतं, कुकी पसरत नाही आणि चव गडद होते. घाईत ही पायरी सुटते, मग "तिच्यासारखी होत नाही" म्हणून वाईट वाटत राहतं.

सांजपक्षी: अंड्याशिवाय?

काठपदर: १ मोठा चमचा जवसाची पूड, ३ मोठे चमचे पाणी, १० मिनिटं भिजवून. कुकी थोडी कमी फुलते, बाकी छान.

मेघुटं: आले. एकट्यासाठी भाजायची असेल तर गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि हवा तेव्हा एकच काढा. वितळवायचा नाही, तसाच ओव्हनमध्ये, २ मिनिटं जास्त. दोघांच्या प्रमाणाचा ट्रे एकट्याने संपवणं फार जड जातं गं.

अबोली: @मेघुटं गोळा केवढा?

मेघुटं: ३५ ते ४० ग्रॅम. गोठवण्याआधीच वरून जरा चपटा कर.