मदत हवी आहे: १९९७ ची कमांडर डीआय फोर बाय फोर, टर्बो बसवावं का? घाटात गाडी उठतच नाही

नमस्कार मंडळी,

पोस्ट जरा लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील म्हणून सगळं लिहितोय.

गाडी महिंद्रा कमांडर, १९९७ ची, फोर बाय फोर, डीआय इंजिन (डिझेल थेट सिलेंडरमधे सोडणारं) म्हणजे २५२३ सीसीचं, बिनटर्बोचं, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा नसलेलं. वडिलांनी नवी घेतलेली. मी त्याच गाडीवर चालवायला शिकलो, बहिणीच्या लग्नाचं सगळं सामान त्याच गाडीतून आलं, त्यामुळे "विका आणि नवीन घ्या" हे कृपया सांगू नका, गाडी विकायची नाही हे घरात ठरलंय. आम्ही कोल्हापुरात राहतो आणि वैभववाडीजवळ मामांची आंब्याची, काजूची बाग आहे, तिथली निम्मी वाहतूक आता माझ्याकडे आहे. जाताना पशुखाद्य आणि खताची पोती, येताना आंब्याच्या पेट्या, नारळ, काजू बी. म्हणजे जड लोड नेमका चढालाच असतो. पावसाळ्यात बागेतला शेवटचा दीड किलोमीटर नुसता लाल चिखल, तिथे फोर व्हील लो टाकली की गाडी आजही मस्त चालते, ट्रॅक्टर अडकतो तिथून ही निघते. तिथे माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार घाटाची आहे. पाच-सहाशे किलो भरून करूळ घाट चढायला लागलं की तिसरा गिअर ओढत नाही, दुसऱ्यात टाकावी लागते, स्पीड २०-२५, मागे एसटी आणि ट्रकची रांग, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मागून काळा धूर आणि टेम्परेचरचा काटा वर. मधे करूळचं काम चालू होतं तेव्हा शेजारच्या भुईबावडा घाटानं जावं लागायचं, तिथल्या वळणांवर तर पहिल्यावर यावं लागायचं. आधी एवढं नव्हतं असं वडील म्हणतात. मी पण म्हणतो.

आता मुद्दा. उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, जुन्या जीपांचं काम पूर्वीपासून करतात, ते म्हणाले की हेच इंजिन पुढे कंपनीनं टर्बो लावून बोलेरोला दिलं, २०१० च्या थार डीआयला पण तेच, तर त्याचं मॅनिफोल्ड (सिलेंडरांना जोडलेला हवेचा-धुराचा फाटा), टर्बो, ऑइलच्या पाईपा आणि एअर फिल्टरची पाईप असं सगळं सेट करून तुमच्या इंजिनला बसवून देतो. खर्च चाळीस हजारच्या आत सांगितला, टर्बो रिकंडिशन केलेलं. ऐकून मला एकदम पटलं, कारण बाहेरचं काही जोडायचं नाही, घरचाच पार्ट घरच्याच इंजिनला. थार डीआयचे आकडे बघितले, ६३ बीएचपी आणि टॉर्क १८२.५ एनएम, तो पण १५०० ते १८०० आरपीएमला. मला घाटात नेमकं तेच पाहिजे, हायवेला शंभरनं पळवायची नाहीये.

पण भीती पण आहे. माझ्या एका दोस्तानं त्याच्या जीपला एका गॅरेजमधे असंच टर्बो लावून घेतलं होतं, पहिले दोन महिने गाडी उडायची, आणि मग एक दिवस चढावर निळा-पांढरा धूर सुटला आणि इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं, चावी बंद केली तरी बंद होईना. त्यानं टॉप गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडला तेव्हा कुठे बंद पडलं. इंजिन खोललं तर रिंगा, बेरिंग सगळं गेलेलं. मी शेजारी बसलो होतो. तो आवाज अजून कानात आहे.

तर प्रश्न असे आहेत. बिनटर्बोच्या जुन्या इंजिनाला टर्बो झेपतं का, की पिस्टन बदलावेच लागतात? मिस्त्री म्हणतात गरज नाही. डिझेल पंपाचं काय करायचं? इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) हवाच का? क्लच आणि चार स्पीडचा गिअरबॉक्स टिकेल का? आणि आरटीओचं काय, गाडीचं पासिंग २०२२ ला करून घेतलंय, पुढचं २०२७ ला आहे. शेवटचं इंजिन काम नऊ वर्षांपूर्वी झालंय, त्यानंतर किती चालली सांगता येणार नाही कारण स्पीडोमीटरची केबल मधे वर्षभर तुटलेली होती. टायर ३१ इंची आहेत, तीन वर्षांपूर्वी टाकलेत, आधी २३५/७५ आर १५ होते.

कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा, काय चुकलं ते पण सांगा.

– घाटमाथा०९

नोजलवाला:

दादा, पंप-नोजलच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुमच्या पोस्टमधे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "आधी एवढं नव्हतं" हे आहे. हेच इंजिन पूर्वी हाच घाट चढायचं, म्हणजे काहीतरी कमी झालंय. आधी ते शोधा. टर्बो लावून कमी झालेलं झाकू नका.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय. नोजल (डिझेल फवारणारी तोटी) दाबावर उघडून तुषार नीट पडतोय का बघा, थेंब टपकत असेल तर तिथेच अर्धी ताकद गेली. पंप बेंचवर लावून कॅलिब्रेट करा, टायमिंग बघा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा, एअर फिल्टर बघा. आणि सगळ्यात आधी कम्प्रेशन टेस्ट, चारही सिलेंडरची, गरम इंजिनवर. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघा, वाफ आणि धूर जोरात मारत असेल तर रिंगा गेल्यात. अशा इंजिनाला टर्बो लावलं तर चेंबरमधला (इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं त्या भागातला) दाब वाढतो, टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही, ते सीलमधून हवेच्या पाईपात जातं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं. तुमच्या दोस्ताचं बहुतेक हेच झालं, नाहीतर ऑइल रिटर्नची पाईप चुकीची होती.

ती रिटर्न पाईप फार महत्त्वाची. वरून प्रेशरनं जाणारी पाईप बारीक चालते, पण खाली येणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं. म्हणून जाड पाईप, सरळ उतार, कुठेही लोंबकळ नाही, आणि चेंबरमधे ऑइलच्या लेव्हलच्या वर सोडायची. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, ऑइल थांबलं की संपलं.

सह्याद्रीफोरबायफोर:

घाटमाथा, ३१ इंची टायर हे तुम्ही शेवटच्या ओळीत सांगितलंत पण माझ्या मते निम्मा आजार तिथेच आहे. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३४ मिलिमीटर, ३१ इंचीचा ७७५ च्या आसपास. म्हणजे सगळे गिअर पाच-सहा टक्क्यांनी उंच झाले आणि चाकं जड झाली ती वेगळीच. हायवेला बरं वाटतं पण घाटात दुसरा आणि तिसरा यांच्या मधे इंजिन उपाशी राहतं. नव्वद-शंभर बीएचपीच्या गाडीला हे जाणवत नाही, आपल्या इंजिनाला फार जाणवतं. चिखलात एवढे मोठे टायर लागतात का हे स्वतःला विचारा, जुन्या सहा-सोळाच्या अरुंद टायरवर या गाड्या चिखल कापत जायच्या.

तरी मी टर्बोच्या विरोधात नाही. मी माझ्या डीआयला लावलंय, चौथं वर्ष चालू आहे, आणि चढावरचा फरक खरा आहे, लोड घेऊन तिसऱ्यात गाडी खेचते. पण मी आधी इंजिन काम केलं आणि मग टर्बो, तेही टर्बोवाल्या इंजिनाचंच पिस्टन-लायनर किट टाकून. तुमचे मिस्त्री गरज नाही म्हणत असतील तर दोन्ही पिस्टनचे पार्ट नंबर घेऊन पार्टच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघा. तोंडी कुणाचंच ऐकू नका, माझं पण नाही.

पंपाबद्दल: टर्बोवाल्या पंपाच्या डोक्यावर डायफ्राम असतो, मॅनिफोल्डमधला दाब वाढला की तो डिझेल वाढवतो, दाब नसेल तर वाढवत नाही. जुना पंप तसाच ठेवून नुसता स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तर खालच्या आरपीएमला काळा धूर आणि वर उष्णता. बरेच जण हाच शॉर्टकट मारतात. बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, अर्ध्या बारच्या आसपास ठेवा, तेवढ्याला इंटरकूलर नसला तरी भागतं. आणि दोन मीटर लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, एक बूस्टचा आणि दुसरा टर्बोच्या आधी सायलेन्सरच्या गॅसचं तापमान दाखवणारा. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं. गॅसचं तापमान म्हणजे पिस्टनचं तापमान नव्हे, पिस्टन ऑइलनं थंड होत असतो, पण लांब चढावर काटा ६५०-७०० कडे जाऊन तिथेच राहिला तर पाय उचलायचा, मागे कितीही हॉर्न वाजू दे. माझं इंजिन याच मीटरमुळे वाचलंय असं मी मानतो.

क्लच प्लेट नवी टाका. गिअरबॉक्स तुम्ही सांगताय त्या वापराला टिकेल, फक्त टॉप गिअरमधे खालच्या आरपीएमवर रेटू नका. रेडिएटर बाहेरून दिसतो तसा आतून नसतो, रॉडिंग (नळ्या आतून साफ) करून घ्या, तुमचा काटा वर जातोय म्हणजे आधी तेच काम.

कायदा_आणि_चाक:

आरटीओचा भाग मी सांगतो कारण इथे कुणी त्यावर बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हीचा अर्थ असा की कंपनीनं मुळात जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्या विरुद्ध बदल चालत नाही. "त्याच कंपनीचं टर्बो आहे" हे तुम्हाला-मला पटतं, पण तुमच्या मॉडेलला ते मुळात नव्हतं. आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, मग खर्च करा. पूर्ण इंजिन बदलणार असाल तर आधी परवानगी आणि मग आरसीवर नवीन इंजिन नंबर, जुन्या बाजारातलं इंजिन असेल तर त्याची कागदपत्रं आधी हातात घ्या. इन्शुरन्सला पण कळवा, मामांच्या बागेतले गडी मागे बसत असतील तर उद्या अपघातात क्लेम अडकायला नको. पीयूसीत धुराची मर्यादा तुमच्या वयाच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, आत्ताच्या काळ्या धुरावर तीच अवघड जाईल.

घाटमाथा०९:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी लगेच कामाला लागलो, तर अपडेट देतो.

कम्प्रेशन टेस्ट केली, एक, दोन आणि चार जवळजवळ सारखे, तीन नंबर बराच खाली. झाकण काढल्यावर धूर मारतंय, आधी लक्षच दिलं नव्हतं. नोजल काढले, चारपैकी दोन टपकत होते. मिस्त्रींना नोजलवालांचं म्हणणं वाचून दाखवलं, ते रागावले नाहीत, उलट म्हणाले की मी आधी इंजिन काम सांगितलं असतं तर तू गाडी परत घेऊन गेला असतास. खरंय ते, गेलो असतो.

आता असं ठरवलंय की यंदाचा आंब्याचा सीझन टर्बोविना काढायचा. नोजल, टॅपेट आणि रेडिएटर या आठवड्यात, जुने २३५ चे टायर भावाच्या शेडमधे पडलेत त्यातले चार चांगले निघाले तर तेच परत चढवणार, आणि पेट्या कमी भरून दोन फेऱ्या जास्त मारणार. पावसाळ्यात फेऱ्या कमी असतात तेव्हा इंजिन खोलायचं. आरटीओत अर्ज देऊन ठेवतो, लेखी होकार आला तर त्याच वेळी टर्बोवालं पिस्टन किट आणि डायफ्रामवाला पंप, नाही आला तर साधं किट टाकून बंद करायचं. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले इंजिन खोलशील तेव्हा मला बोलव, मला आतून बघायचंय.

सह्याद्रीफोरबायफोर, एकच विनंती, तुमच्या ऑइल रिटर्न पाईपचा आणि ती चेंबरला जिथे जोडलीय त्या जागेचा फोटो टाकाल का? वेल्डिंग केलंय की बोल्टची फ्लँज आहे ते बघायचंय. आणि तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डला नेमका कुठे भोक पाडून बसवलाय ते पण. बीडाचं मॅनिफोल्ड आहे, भोक पाडताना तडकायला नको.