रिस्टोरेटिव्ह नर्सिंगचा कार्यक्रम नव्याने उभा करायचा आहे : मनुष्यबळ आणि साधनांबाबत सल्ला हवा

अबोली :
नमस्कार. अमेरिकेतील एका दीर्घकालीन निगा केंद्रात मी परिचारिका आहे आणि पुढील महिन्यापासून तेथील रिस्टोरेटिव्ह नर्सिंगची (रहिवाशांची हालचाल आणि स्वावलंबन टिकवण्यासाठीच्या परिचर्येची) जबाबदारी माझ्याकडे येत आहे. केंद्रात 80 खाटा आहेत. व्यवस्थापनाने एक पूर्णवेळ सीएनए (प्रमाणित परिचर्या सहायक) आणि साधनांसाठी 1,500 डॉलर मंजूर केले असून यापलीकडे काही मिळणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. फिजिओथेरपी चालू असताना वॉकर घेऊन चालणारी माणसे ती थांबल्यावर हळूहळू पुन्हा चाकांच्या खुर्चीत जाऊन बसतात, हे मला थांबवायचे आहे. सुरुवात कोणापासून करावी आणि ही रक्कम कशावर खर्च करावी?

देवगिरी :
आमच्या केंद्राने मोटरवर चालणारे, हातापायांना एकत्र व्यायाम देणारे पेडल-यंत्र घेतले आणि त्यानंतर कार्यक्रमाला खरी गती आली. रहिवासी स्वतःहून विचारतात की आपली पाळी केव्हा आहे. ते आपल्या रकमेत बसणार नाही, तरीही व्यवस्थापनाकडे पुन्हा मागणी करावी, कारण स्वस्त साधने घेऊन केलेला कार्यक्रम कोणी गांभीर्याने घेत नाही.

पाऊलवाट :
असेच यंत्र आमच्याकडेही आहे आणि ते बहुतेक दिवस वापराविना असते, कारण ज्यांना त्याची गरज आहे त्यांना त्यावर बसवायला दोन माणसे लागतात. खरा प्रश्न माणसांचा आहे. आमच्या रिस्टोरेटिव्ह सीएनएला, मजल्यावर कोणी रजेवर गेले की, पहिल्यांदा तिकडे ओढतात. एकदा तर आठवड्यातील बहुतेक दिवस ती आंघोळीच्या कामावर होती आणि वहीतील रकाने रिकामे राहिले. या व्यक्तीला इतर कामावर पाठवणार नाही, असे नर्सिंग संचालकांकडून लेखी घेतल्याशिवाय सुरुवातच करू नका.

सायली_एमडीएस :
मी मूल्यमापनाचे अर्ज भरते, म्हणून नियमांबद्दल लिहिते. एमडीएसमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या मूल्यमापनाच्या सरकारी अर्जात, एखादा उपक्रम त्या दिवसापुरता धरायचा, तर तो त्या दिवशी किमान 15 मिनिटे झालेला असावा लागतो. ही मिनिटे सलग असण्याची गरज नाही, 24 तासांत विभागून चालतात. पीडीपीएममध्ये, म्हणजे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या, 1 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालेल्या, केंद्रांना पैसे देण्याच्या पद्धतीत, काही नर्सिंग गटांत त्याचा परिणाम दिसण्यासाठी मागील 7 दिवसांपैकी किमान 6 दिवस दोन उपक्रम व्हावे लागतात. आता आपली अडचण पाहा : एक पूर्णवेळ व्यक्ती आठवड्यात 5 दिवस येते, मग सहावा दिवस कोण करणार? शिवाय एका रहिवाशाला दोन उपक्रमांसाठी अर्धा तास लागतो, त्यामुळे नोंदी आणि ने-आण धरली तर एका पाळीत बारा-तेरा जणांपलीकडे ती जाऊ शकणार नाही. मोजता येईल असे ध्येय, केअर प्लॅनमधील नोंद, परवानाधारक परिचारिकेने ठराविक काळाने केलेले मूल्यमापन आणि प्रशिक्षित सहायक, या बाबी नसतील तर मिनिटे कितीही भरली तरी उपयोग नाही. “चालण्यास प्रोत्साहन द्यावे” हे ध्येय नव्हे; “वॉकर व एका व्यक्तीच्या आधाराने खोलीपासून भोजनगृहापर्यंत 60 फूट चालणे” हे ध्येय आहे.

देवगिरी :
मिनिटांची एवढी धास्ती घेण्याचे कारण नाही. कपडे घालताना 5 मिनिटे आणि चालताना 10, अशी 15 सहज होतात.

सायली_एमडीएस :
तशी होत नाहीत. वेगवेगळ्या उपक्रमांची मिनिटे एकत्र करता येत नाहीत; चालण्याची 15 वेगळी आणि कपड्यांची 15 वेगळी. गटात घेतले तर एका सहायकामागे चारपेक्षा जास्त रहिवासी चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मृद्गंध :
पण प्रत्येक उपक्रमाला डॉक्टरांचा आदेश लागतो ना? आमच्याकडे त्यासाठीच कामे अडून राहतात.

सायली_एमडीएस :
एमडीएसच्या नियमपुस्तिकेप्रमाणे रिस्टोरेटिव्ह नर्सिंगला डॉक्टरांचा आदेश आवश्यक नाही. आपल्या संस्थेचे धोरण किंवा राज्याचा नियम वेगळा असू शकतो, तेवढे तपासून पाहा.

निशिगंध :
सगळी चर्चा चालण्यावरच चालली आहे, याचे मला वाईट वाटते. पक्षाघातानंतर मुठीत मिटलेला हात नीट पाहा. अंगठा तळव्यात दडलेला असतो, नखे तळव्याला टोचत असतात आणि बोटांच्या बेचक्यांत ओल साचून वास येतो. तो हात कोमट पाण्याने सैल करून, मनगट आधी किंचित वाकवून मग बोटे एकेक उघडली, तर उघडतात. ओढली तर स्नायू आणखी आवळतात. नंतर स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) बसवायचा आणि काढल्यावर त्वचेवरची लाली पाहायची. ती उतरत नसेल तर थेरपिस्टला कळवायचे. हे ज्या सहायकाच्या हातात बसले आहे, तिच्यासारखे साधन दुसरे नाही. आपली रक्कम प्रशिक्षणावर लावा. सांधा एकदा आखडला की परत मिळवणे फार अवघड असते.

पाऊलवाट :
निशिगंध यांचे म्हणणे पटते, पण प्रशिक्षित सहायकालाच मजल्यावर ओढून नेले तर त्या कौशल्याचे काय होणार? म्हणून पुन्हा सांगतो, आधी लेखी घ्या.

मृद्गंध :
लेखी घेण्याबद्दल मीही हेच म्हणणार होते. आणि सुरुवात चालण्यापासूनच करा, कारण नातेवाइकांना ते लगेच दिसते.

अबोली :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सायली यांच्या हिशेबाने माझा निर्णय झाला, मात्र तो आपल्यापैकी बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध आहे. मंजूर झालेल्या सीएनएला मी वेगळे ठेवणार नाही. ती एका विंगमधील तिन्ही पाळ्यांच्या सीएनएना शिकवेल, स्प्लिंट स्वतः पाहील आणि बाकीचे उपक्रम त्या त्या पाळीच्या सीएनए रोजच्या कामातच करतील, म्हणजे सहावा आणि सातवा दिवस एका व्यक्तीवर अवलंबून राहणार नाही. सुरुवातही चालण्यापासून न करता जेवण आणि कपडे यांपासून करीन. सध्या आमच्याकडे घाईमुळे भरवले जाते आणि बाही हातात चढवली जाते; ज्याला चमचा धरता येतो त्याचा चमचाही आपणच काढून घेतो. 1987 च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यापासून केंद्रांवर असलेली जबाबदारी हीच आहे की, आजारपणामुळे अटळ नसेल तर रहिवाशाची क्षमता कमी होऊ देऊ नये, आणि ती क्षमता सर्वांत आधी जाते ती अशा मदतीतून. पैशांतून जाड मुठीचे चमचे, उंच कडेच्या ताटल्या, लांब दांड्याचे शू-हॉर्न आणि प्रत्येक खोलीसाठी गेट बेल्ट (चालवताना धरण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) घेईन. यंत्र घेणार नाही. चालण्याचा उपक्रम दुसऱ्या तिमाहीत, थेरपिस्टने सोडताना दिलेल्या सूचनांवरून सुरू करीन. निशिगंध, मनगट आधी वाकवण्याची रीत आपण सविस्तर लिहून दिलीत, तर ती मी प्रशिक्षणाच्या कागदात घालीन.