शब्दचर्चा: विश्वास सांगायचा तो निर्भीडपणे, धिटाईने की भीड राखून?

अंत्रुजकर
आमच्या प्रार्थना-मंडळीसाठी चार पानांचं मराठी टिपण तयार होतंय. विषय असा: कचेरीत, बाजारात, शेजारीपाजारी वावरताना आपला ख्रिस्तावरचा विश्वास न घाबरता आणि प्रेमाने कसा सांगावा. कोकणी मसुदा झालाय. मराठी वाचणारी घरं डिचोली, पेडणे, फोंडा या बाजूंची आहेत. शीर्षकात काहींना ‘निर्भीडपणे’ हवंय, काहींना ‘धाडसाने’. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) मराठी बायबल नेमकं उलट सांगतं. आपल्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या. एकाच टिपणात निर्भीड व्हा आणि भीडस्तही व्हा, असं कसं लिहायचं?

कोशप्रेमी
‘भीड’ला दोन अर्थ आहेत आणि आज त्यातला एकच डोळ्यांपुढे येतो. पहिला संकोचाचा: भीड चेपणे, भिडेला बळी पडणे, ‘भीड भिकेची बहीण’. दुसरा समोरच्याचा मान राखण्याचा: वडिलांची भीड ठेवणे, कुणाची भीडमुर्वत न ठेवणे. मूळ ग्रीकमध्ये या जागी ‘फोबोस’ आहे. त्याचा अर्थ भय, आणि भयातून येणारा आदरही. भाषांतरकारांनी दुसरा अर्थ धरून ‘भीडस्तपणा’ घेतला. आजचा वाचक पहिला धरतो आणि त्याला वाटतं, पेत्र लाजत लाजत बोलायला सांगतोय.

‘निर्भीड’ हे दोन्ही अर्थ एकदम पुसून टाकतो. निर्भीड पत्रकार, निर्भीड न्यायाधीश हे शब्द शोभतात, कारण समोर सत्ता असते आणि तिची भीड ठेवायचीच नसते. चहाच्या टपरीवर शेजारी बसलेला सहकारी ही काही सत्ता नव्हे. त्याची भीड सोडली, तर उरतो तो उद्धटपणा. शीर्षकात ‘निर्भीड’ नको.

सासष्टीकर
कोशप्रेमीबाबांशी सहमत. ‘धाडस’ही नको. धाडसात अंगावर जोखीम घेण्याची हौस आहे. ‘धिटाई’ लहानाने मोठ्यापुढे दाखवायची असते. ‘बेधडक’मध्ये समोर कोण आहे हे बघायचंच नसतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४ मध्ये तीनदा (ओवी १३, २९, ३१) जो शब्द येतो तो ‘पार्रेसिया’. त्याची फोड ‘सगळं बोलणं’ अशी होते. ग्रीक नगरांत स्वतंत्र नागरिकाला सभेत मनातलं सगळं बोलायची मुभा असे, तिला हा शब्द होता. मराठीत या अध्यायात तो ‘धैर्य’ होऊन येतो आणि ते बरोबर आहे, कारण पेत्र आणि योहान अधिकाऱ्यांच्या पुढ्यात उभे आहेत, धमक्या मिळताहेत. पण योहानाच्या शुभवर्तमानात (१८:२०) येशू महायाजकाला सांगतो की मी जगाशी उघड बोललो, तिथेही मूळ शब्द हाच आहे. म्हणजे गाभा शौर्याचा नाही, आडपडदा नसण्याचा आहे. धोका असेल तिथे ‘धैर्य’ लिहा, रोजच्या व्यवहारात ‘उघडपणे’ किंवा ‘मोकळेपणाने’.

आणखी एक गोष्ट टिपणात जरूर घाला. इफिसकरांस पत्रात (६:१९-२०) पौल बेड्यांत असताना इतरांना विनवतो की मला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून प्रार्थना करा. इतक्या ठिकाणी बोलून झालेला माणूसही हे मागून घेतो. बुजऱ्या स्वभावाच्या माणसांना याचा मोठा आधार वाटतो.

म्हापशेकरीण
‘उघडपणे’चं रोजचं उदाहरण द्यावं, नाहीतर शब्द हवेत राहील. सोमवारी कचेरीत कुणी विचारतं, काल काय केलंत? ‘काही नाही, घरीच होतो’ म्हणणं म्हणजे आडपडदा. ‘काल आमची सगळ्यांनी मिळून प्रभूला आराधना झाली’ म्हटलं की विचारणारा अवघडतो, कारण ही मंडळीच्या आतली बोली आहे. ‘सकाळी मिसाला गेलो, दुपारी आजारी मावशीकडे’ हे उघडही आहे आणि साधंही. पुढे विचारायचं की नाही, हे त्याच्या हातात राहतं. बहुतेक गाडं अडतं ते या पहिल्या वाक्यावरच.

आता शब्दांची छाननी. ख्रिस्ती मराठीतले काही शब्द बाहेरच्या कानाला भलतेच ऐकू येतात.

‘तारण’ आपल्याला मुक्तीचा शब्द. ज्याने कालच सोसायटीतून कर्ज काढलंय, त्याला तारण म्हणजे गहाण. ‘तुमचं तारण झालंय का?’ हा प्रश्न तर त्याला कळतच नाही. ‘देवाने मला सोडवलं’, ‘वाचवलं’ असं सांगा आणि कशातून ते सांगा: व्यसनातून, रागातून, मरणाच्या भीतीतून.

‘उद्धार’ त्याहून जपून. बोलीत आईबापांचा उद्धार करणं म्हणजे शिव्या देणं.

‘प्रभू’ आपल्याकडे आडनावही आहे. पहिल्याच वाक्यात ‘मला प्रभू भेटला’ म्हणू नका, ‘प्रभू येशू’ किंवा नुसतं ‘येशू’ म्हणा.

‘तुम्ही पापी आहात’ हे व्याकरणातच चुकतं. शिकवण ‘सगळ्यांनी पाप केलं’ अशी आहे (रोमकरांस पत्र ३:२३), म्हणून वाक्य ‘आपण’ने सुरू व्हायला हवं आणि आपल्यापासून सुरू व्हायला हवं.

‘साक्षीदार’पेक्षा ‘साक्षी’ बरा. ‘यहोवाचे साक्षीदार’ हा वेगळा पंथ आहे आणि गल्लत होते.

अंत्रुजकर
फार उपयोगी. मग ‘प्रचार’ की ‘प्रसार’?

कोशप्रेमी
‘प्रचार’ आता निवडणुकीचा शब्द झाला, डोळ्यांपुढे भोंगे लावलेली गाडी येते. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म प्रकट करणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं असे तीन हक्क आहेत, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. हे टिपणात दोन ओळींत असू द्या. पण शेजाऱ्याशी बोलण्याला प्रसारही म्हणू नका. ‘सांगणं’ पुरे. आपण सांगणारे, मानायचं की नाही हे ऐकणाऱ्याचं.

सासष्टीकर
इथे गोव्याचं म्हणून एक वेगळं ओझं आहे आणि ते टाळून हे टिपण लिहिता येणार नाही. आपल्याकडे धर्म बदलण्याला ‘बाटणं’ म्हणतात, आणि पाणी, अन्न विटाळलं तरी तेही ‘बाटतं’. हा शब्द उगाच आलेला नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन (चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय) बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, ज्या घरी तुमचं टिपण जाणार, त्या घरच्यांना हे तोंडपाठ आहे.

म्हणून कुणी हा विषय काढला, तर ‘ते पोर्तुगीज होते, आमचा काय संबंध’ असं म्हणून हात झटकू नका आणि लगेच दुसऱ्या कुणाच्या अन्यायाची यादीही पुढे करू नका. दोन्ही उत्तरांत ऐकणं नाही. ‘येशूच्या नावाने जबरदस्ती झाली, ती त्याच्याच शिकवणीविरुद्ध होती, आणि त्याचं मला दुःख आहे’ एवढं खरं आहे, तेवढंच म्हणा आणि थांबा. त्याच बैठकीत पुढे साक्ष द्यायला जाऊ नका. ‘भीड राखणं’ इथे सगळ्यांत जास्त लागतं.

बार्देसकर
प्रसादाच्या वेळचे शब्द कुणी काढले नाहीत. खरी कसोटी गणपतीच्या चवथीला लागते. कुणी प्रसाद घेतात, कुणाची सदसद्विवेकबुद्धी घेऊ देत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:२७-२९) पौलाने दोन्ही बाजूंचा विचार केलाय, त्यावर इथे वाद नको. पण नाही म्हणायचं असेल तर शब्द कोणते? ‘आम्हाला चालत नाही’ हे अगदी चुकीचं. मराठीत त्यातून सोवळं-ओवळं ऐकू येतं, जणू समोरच्याचं अन्न कमी प्रतीचं. ‘माझ्या नेमात बसत नाही, राग मानू नका. चहा मात्र घेईन’ असं म्हणावं. नेम हा शब्द त्या घरात रोजचा आहे. सोमवार, एकादशी पाळणाऱ्यांना तो लगेच कळतो. आणि चहा खरोखर बसून घ्यावा. कारण विचारलं तर एका वाक्यात सांगा, त्यांच्या देवावर टीका न करता. सणाच्या दिवशी यजमानाच्या घरी व्याख्यान देऊ नये.

याचीच दुसरी बाजू नाताळची. कोंसुआदचं ताट शेजारी जातं: नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. त्या ताटात पत्रक ठेवावं का? माझं स्पष्ट मत, ठेवू नये. पत्रक ठेवलं की नेवरी भेट राहत नाही, निमित्त होते. ताट द्यायला घरच्या माणसाने स्वतः जावं. ‘नाताळ म्हणजे नेमकं काय हो?’ असं त्यांनी विचारलं, तर त्या वेळी सांगण्यासारखं बरंच आहे.

म्हापशेकरीण
बार्देसकरबाब, अगदी मनातलं लिहिलंत. मदत आणि संदेश यांची सांगड कुठेच नको: तांदळाच्या पिशवीत नको, शाळेच्या फीबरोबर नको. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही, आणि बाहेरून ते आमिषच दिसतं. तसंच ज्याला उठून जाता येत नाही त्याच्याशी आपणहून विषय काढू नये: खाटेवरचा रुग्ण, वर्गातला विद्यार्थी, हाताखालचा कारकून, घरकामाची बाई. विचारलं तर उत्तर, तेही कामाच्या वेळेबाहेर.

प्रार्थनेचंही तेच. ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? इथेच करू की घरी जाऊन करू?’ असा दुहेरी प्रश्न विचारावा, म्हणजे अवघडलेल्या माणसाला ‘घरी करा’ म्हणायला वाट मिळते. इथेच म्हटलं तर अर्ध्या मिनिटाची करा. त्याचं नाव, त्याची गोष्ट, येशूच्या नावात मागणं, आमेन. डोक्यावर हात ठेवायचा तर आधी विचारा. ‘बरं होणारच’ असं वचन देऊ नका. ते देणं आपल्या हातात नाही, आणि बरं झालं नाही तर तो माणूस देवालाच खोटं ठरवतो. त्याचं दुखणं मंडळीच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं तर त्याची परवानगी घ्या. चार दिवसांनी ‘आता कसं आहे?’ विचारायला विसरलात, तर आधीची प्रार्थना पोकळ ठरते.

आणि ‘साक्ष’ तीन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आधी काय होतं, येशूने काय केलं, आता काय आहे. ‘आधी’चं पाप तिखटमीठ लावून सांगण्यात वेळ जातो आणि येशू शेवटच्या वाक्यात उरकला जातो, ही नेहमीची चूक. ‘आता’मध्ये अजून न सुटलेली एखादी गोष्टही सांगा. सगळं सुटलं म्हणणाऱ्यावर शेजारी विश्वास ठेवत नाहीत, ते आपल्याला रोज बघत असतात.

अंत्रुजकर
काहींचं म्हणणं, शब्द नकोतच, नुसती सेवा करावी. पेत्राच्या त्याच अध्यायाच्या आरंभी ‘वचनावाचून’ जिंकण्याची गोष्ट आहे ना?

सासष्टीकर
आहे (३:१), पण ती एका घरातल्या नवरा-बायकोची. आणि चौदा ओव्यांनंतर तोच पेत्र ‘उत्तर द्या’ म्हणतो. तिथला शब्द ‘अपोलोगिया’, कोर्टात बाजू मांडण्याचा. वागणं प्रश्न उभा करतं, उत्तर मात्र शब्दांत द्यावं लागतं.

बाणावलीचे सां जुझे वाज यांच्यात दोन्ही एकत्र दिसतात. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा ते आणि त्यांचा भाचा रोग्यांना खाऊपिऊ घालत आणि मृतांना पुरत राहिले. त्यानंतर राजाने त्यांना उपदेशाची मोकळीक दिली. सेवा त्यांनी परवान्यासाठी केली नव्हती, आणि परवाना मिळाल्यावर ते गप्पही बसले नाहीत. उदाहरण द्यायचं तर हे द्या, गोव्याचंच आहे.

कोशप्रेमी
शेवटचा किरकोळ मुद्दा ‘सुवार्ता’, ‘शुभवर्तमान’ आणि ‘वांजेल’ यांचा. कोकणी कॅथलिक घरांत ‘वांजेल’ रुळलाय, पण डिचोलीच्या मराठी वाचकाला तो कळणार नाही. ‘शुभवर्तमान’ पुस्तकाच्या नावासाठी ठेवा (लूककृत शुभवर्तमान), सांगण्याच्या गोष्टीसाठी ‘सुवार्ता’ वापरा आणि पहिल्यांदा आला की ‘चांगली बातमी’ असं उलगडा.

‘भावार्थ’कडेही लक्ष असू द्या. तुमच्या कोकणी मसुद्यात ‘भावार्थ’ म्हणजे विश्वास असणार. जुन्या मराठीतही तो श्रद्धेच्या अर्थाने होता, पण आज मराठीत भावार्थ म्हणजे कवितेचा आशय. तो जसाच्या तसा उतरला तर ‘आमचा भावार्थ सांगतो’ हे वाक्य शाळेच्या प्रश्नपत्रिकेसारखं वाचलं जाईल. सगळीकडे ‘विश्वास’ करा.

अंत्रुजकर
मसुद्यात ‘भावार्थ’ बऱ्याच ठिकाणी आहे, आज बसून बदलतो. शीर्षक ‘उघडपणे आणि भीड राखून: शेजाऱ्याला येशूविषयी सांगताना’ असं धरलंय. ‘भीड राखून’ला तळटीप देतो, पेत्राच्या ओवीसह. सगळ्यांना देव बरें करूं.